अ‍ॅन आर्बरची विजयी मिरवणूक, युनियनसमोरच्या वळणावरून

सोबत पुठ्ठा न्या. बाकीचं पुढे सांगतेच, पण मिशिगनच्या थंडीत रस्त्याकडेला दोन-अडीच तास उभं राहायचं असेल तर पायाखाली जाड पुठ्ठा हवाच. लेकीच्या शेजारणीनं हे सांगितलं तेव्हा मला पटलं नव्हतं. दोन लोकरीचे मोजे, जाड तळव्याचे बूट, त्याखाली आणखी पुठ्ठा कशाला? पण वारा अंगाला लागतो आणि खरी थंडी जमिनीतून वर चढते. जावयांनी टीव्हीच्या खोक्याचे चार तुकडे कापून घेतले. त्या तुकड्यांवर लेक, जावई, सहा वर्षांचा नातू आणि मी अशा चौघांनी १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची विजयी मिरवणूक पाहिली.

मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. लेक अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरला विद्यापीठात संशोधन करते. तिच्याकडे सहा महिने राहून आता परत आले आहे. तिथल्या मराठी मुली मला सारखं विचारायच्या, की काकू, हिवाळ्यात आईबाबांना बोलावलं तर ते कंटाळतील का, बाहेर काही बघण्यासारखं असतं का? त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे.

खेळाची ओळख थोडक्यात करून देते. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळायचं किंवा फेकायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. तेवढं जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. मला तो कबड्डीच्या अंगानं समजला. पकड, रेटा, रेषेपर्यंत पोचायची धडपड, सगळं ओळखीचं. ८ जानेवारीला सोमवारी रात्री ह्यूस्टनला कॉलेज संघांच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना झाला. मिशिगननं वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ असं हरवलं. मोसमातले पंधराच्या पंधरा सामने जिंकले. आम्ही तो घरी टीव्हीवर रात्री उशिरापर्यंत जागून पाहिला आणि शेवटच्या मिनिटांत बाहेरून फटाक्यांचा आवाज यायला लागला. त्या आवाजानं मला घराची आठवण झाली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या संघांचा सामना सुटला की आमच्या पेठेत असाच आवाज उठतो.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. माझा थोरला भाऊ तरुणपणी गोलकीपर होता. तो जिंकून आला की हलगी-घुमकं, गुलाल, दारादारात ओवाळणी. आईनं त्याच्या जर्सीवरचा गुलाल कधी पूर्ण धुऊन काढला नाही. त्यामुळे चारच दिवसांत संघाची मिरवणूक निघणार असं लेकीनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, कितीही थंडी असू दे, आपण जायचंच.

मार्ग सोपा होता. साउथ युनिव्हर्सिटी रस्त्यावर विद्यापीठाच्या अध्यक्षांचं पांढरं निवासस्थान आहे. १८४० सालचं ते घर म्हणजे या परिसरातली सर्वांत जुनी वास्तू. मिरवणूक तिथून निघायची, पश्चिमेला येऊन स्टेट स्ट्रीटला लागायची, डावीकडे वळायची आणि सरळ दक्षिणेला शेम्बेक्लर हॉलपर्यंत जायची. हा हॉल म्हणजे फुटबॉल संघाचं घर. एकूण अंतर दीड किलोमीटरच्या आसपास. मी नकाशा पाहिला आणि लेकीला म्हटलं, अगं, वळणावर उभं राहू. वळणावर गाडी हळू होते आणि समोरून, मग बाजूनं, मग पाठमोरी अशी तीनदा दिसते. पालखीलाही आम्ही वळणच धरून बसायचो.

हे वळण नेमकं मिशिगन युनियनच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या केंद्राच्या, दारासमोर आहे. एका कोपऱ्यावर कलासंग्रहालय, दुसऱ्यावर कायद्याच्या शाखेची दगडी इमारत, आणि समोर युनियनच्या पायऱ्या. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये याच पायऱ्यांवरून केनेडींनी रात्री दोन वाजता विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं होतं, त्याची तिथे खूणही आहे. युनियन ही सगळ्यांना खुली वास्तू आहे. आत ऊब, बसायला जागा, स्वच्छ शौचालय. माझ्या वयाच्या माणसांना आणि लहान मुलांना हेच सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जागा निवडताना आधी हे बघा. आम्ही दोघादोघांनी आळीपाळीनं आत जाऊन हात शेकून आलो आणि बाहेरच्या दोघांनी जागा धरून ठेवली.

कार्यक्रम पाचचा. आम्ही साडेतीनला पोचलो. आदल्या दिवसापासूनचा बर्फ पदपथाच्या कडेला लोटून ठेवलेला होता आणि त्या ढिगांवर पोरं चढून बसली होती. जानेवारीत तिथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे मिरवणूक सुरू होण्याची वेळ आणि अंधार पडण्याची वेळ एकच. फोटो काढायची हौस असेल तर हे लक्षात ठेवा. माझ्या मोबाईलवर निम्मे फोटो नुसते पिवळे-निळे डाग आले आहेत. पिवळा आणि निळा हे संघाचे रंग. त्या पिवळ्याला ते लोक मक्याचा पिवळा म्हणतात आणि तो खरंच वाळत घातलेल्या कणसासारखा दिसतो. सगळा रस्ता त्या रंगानं भरला होता.

गर्दी शिस्तीची होती, पण अबोल नव्हती. अनोळखी माणूस समोरून आला की “गो ब्लू” म्हणतो, आपणही “गो ब्लू” म्हणायचं. आपल्याकडे वाटेत राम राम घालतात तसं. पहिल्यांदा मला संकोच वाटला. अर्ध्या तासात मी स्वतःहून म्हणायला लागले. नातू तर प्रत्येक कुत्र्यालाही म्हणत होता.

आमच्या शेजारी साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. १९९७ च्या मोसमात मिशिगननं विजेतेपद मिळवलं तेव्हा ते तरुण होते, असं त्यांनी सांगितलं. तेव्हाही ते विजेतेपद नेब्रास्काबरोबर वाटून घ्यावं लागलं होतं, कारण त्या काळी विजेता मतांनी ठरायचा आणि दोन याद्यांमध्ये दोन नावं वर आली. म्हणजे निर्विवाद विजेतेपदासाठी या माणसानं किती वर्षं वाट पाहिली! मी त्यांना आमच्याकडच्या फुटबॉलबद्दल सांगितलं. कोल्हापुरात पेठापेठांचे संघ आहेत, सामन्याला बायकापोरं येतात, हे ऐकून त्यांनी व्हिडिओ मागितला. भावानं पाठवलेला शाहू स्टेडियमच्या भरलेल्या पायऱ्यांचा एक व्हिडिओ माझ्याकडे होता, तो दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि विचारलं, “हे सगळे एकाच गावचे?” मी म्हटलं, हो, एकाच गावचे. मग मी त्यांना डब्यातलं भडंग दिलं. तिखट लागलं त्यांना, पण डबा परत देताना तळ दिसत होता.

आता मुख्य गोष्ट. पाच वाजून गेल्यावर आधी आवाज आला. बँडचा आवाज इमारतींच्या मधून येतो तेव्हा तो पायात जाणवतो. आपल्या हलगीचा ठेका तीक्ष्ण असतो, हा रुंद आणि भरदार. संघाचं गाणं सुरू झालं की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस ठरलेल्या जागी मूठ वर करतो. शेजारच्या गृहस्थांच्या खांद्यावरचं पोरगंही बरोबर वेळेवर मूठ वर करत होतं, त्याला कुणी शिकवलं असेल असं वाटलं नाही.

मग गाड्या आल्या आणि गाड्यांवर ती पोरं. मी मुद्दाम पोरं म्हणते. टीव्हीवर शिरस्त्राणं आणि खांद्यांवरचं चिलखत घातलेली ती माणसं राक्षसासारखी दिसतात. इथे लोकरीच्या टोप्या घातलेली, नाकाचे शेंडे लाल झालेली वीस-बावीस वर्षांची मुलं होती. एक धिप्पाड मुलगा, त्याचं नाव मला कळलं नाही, आमचं चित्रण करत होता. आम्ही सगळे हात उंच करून त्याचं चित्रण करत होतो आणि तो वाकून, मोबाईल फिरवून, आमचे चेहरे टिपत होता. शाळेत तीस वर्षं निरोप समारंभ पाहिलेत मी. शेवटच्या दिवशी वर्गाचे, खिडक्यांचे, शिपाईमामांचे फोटो काढणारी मुलं मला ओळखू येतात. हा मुलगा त्यातलाच होता.

कारण हे सगळं पुढे टिकणार नव्हतं आणि ते त्या मुलांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. कॉलेजचा संघ म्हणजे एका मोसमाचं घर. हे समजून मिरवणूक पाहिली तर तिचं मोल वेगळंच लागतं, म्हणून त्या मुलांबद्दल मला थोडं सांगायचं आहे.

ब्लेक कोरम व्हर्जिनियाचा. अंतिम सामन्यात १३४ यार्ड पळाला, त्या मोसमात पळून २७ टचडाउन केले (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला), तो विद्यापीठाचा विक्रम आहे. पण मला तो आधीपासून माहीत होता तो वेगळ्या कारणानं. जाहिरातींत स्वतःचं नाव वापरू देण्याबद्दल मिळालेल्या पैशातून तो थँक्सगिव्हिंगच्या सणाला शेजारच्या इप्सिलांटी गावातल्या कुटुंबांना टर्की वाटायचा. ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात झॅक झिंटर या त्यांच्या एका कर्णधाराचा पाय मोडला. त्याला गाडीवरून बाहेर नेलं आणि लगेच पुढच्याच प्रयत्नात कोरम २२ यार्ड पळून टचडाउन करून आला आणि बोटांनी सहा-पाच दाखवलं. ६५ हा झिंटरचा क्रमांक. टीव्हीवर ते पाहून माझे डोळे भरून आले होते.

जे. जे. मॅककार्थी इलिनॉयचा. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. सामन्याआधी तो रिकाम्या मैदानात गोलखांबाशी मांडी घालून, डोळे मिटून ध्यानाला बसायचा. एवढं मोठं मैदान, १,०७,६०१ जागांचं, आणि त्यात एक मुलगा मांडी घालून बसलेला. मी नातवाला ते चित्र दाखवलं होतं, तेव्हापासून तोही जेवणाआधी डोळे मिटून बसतो.

आणि माइक सेनरिस्टिल. जन्म हैतीचा, लहानपणी आईवडिलांबरोबर मॅसॅच्युसेट्सला आला. आधी चेंडू झेलणारा होता, मग संघाची गरज म्हणून बचावाकडे वळला, कर्णधारांपैकी एक झाला. अंतिम सामन्यात शेवटी वॉशिंग्टनचे लोक बरोबरीच्या आशेनं पुढे येत होते, तेव्हा यानं चेंडू मधेच पकडला आणि ८१ यार्ड पळत नेला. तिथे सामना संपला.

प्रशिक्षक जिम हार्बो मात्र खराखुरा या गावचा. त्याचे वडील इथेच सहायक प्रशिक्षक होते, तो इथल्या पायोनियर शाळेत शिकला, विद्यापीठातून खेळला. त्या मोसमात खेळाडूभरतीच्या नियमांचं एक आणि प्रतिस्पर्ध्यांचे इशारे टिपल्याचं दुसरं, अशा दोन प्रकरणांमुळे नियमित मोसमातल्या बारांपैकी सहा सामन्यांना त्याला मैदानाबाहेर राहावं लागलं. गावात यावर खूप वाद झाले, अजून होतात. मी शिक्षिका आहे, नियमाचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही आणि तसं मी लेकीला बोलूनही दाखवलं. पण त्या वळणावर उभी असताना समोर जी मुलं होती, त्यांची मेहनत मला खरी दिसत होती. दोन्ही गोष्टी माझ्या मनात आहेत आणि दोन्ही राहतील.

चषक मला दिसला नाही. समोरच्या माणसाचा हात आडवा आला. बुटक्या माणसांनी बर्फाच्या ढिगावर जागा मिळवावी किंवा युनियनच्या पायऱ्या धराव्यात. पायऱ्यांवर दोनच्या सुमारासच माणसं बसली होती असं नंतर कळलं. मुलांना खांद्यावर घेणारं कुणीतरी सोबत हवंच. आमच्या नातवाला वडिलांच्या खांद्यावरून सगळं दिसलं आणि चषक कसा होता ते त्यानंच मला रात्री चित्र काढून दाखवलं.

प्रत्यक्ष मिरवणूक एका जागेवरून पाहिली तर फार वेळाची नसते. गाड्या येतात, वळतात, जातात. आपल्याकडच्या मिरवणुकीसारखं थांबणं, नाचणं, पाच तास एकाच चौकात रेंगाळणं नाही. थंडी पाहता ते बरोबरच आहे. तरी शेवटची गाडी स्टेट स्ट्रीटवरून दिसेनाशी झाली तेव्हा माझी पावलं त्यांच्यामागे दोन-चार पावलं गेली. बरेच लोक तसेच मागे चालत गेले. पुढचा सोहळा रात्री क्रिसलर सेंटरमध्ये होता, भाषणं आणि सत्कार. ते बास्केटबॉलचं सभागृह, जागा मोजक्या. नातू दमला होता आणि माझ्या बोटांना मुंग्या येत होत्या, त्यामुळे आम्ही तिकडे गेलो नाही. आतल्या सोहळ्याबद्दल माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका, माझं मत रस्त्यावरच्या मिरवणुकीपुरतं आहे.

खर्चाचं सांगते. रस्त्यावर उभं राहायला एक पैसा लागत नाही. आम्ही गाडी नेलीच नाही, चालत गेलो. रस्ते बंद असतात आणि मध्यवर्ती भागातले पार्किंगचे मनोरे लवकर भरतात. खर्च झाला तो टोपीवर. जवळच्या एका दुकानात पिवळ्या-निळ्या लोकरीच्या टोपीला बत्तीस डॉलर पडले आणि पहिल्याच धुण्यात तिचा गोंडा सुटला. टोपी घरून न्या, रंग कुठलाही चालतो, कुणी विचारत नाही. रस्त्यावर घेतलेलं गरम चॉकलेट कोमट आणि पाणचट निघालं, त्यापेक्षा आमच्या थर्मासमधला आल्याचा चहा कितीतरी बरा. परत येताना जेवायला एका हॉटेलात गेलो तर पन्नास मिनिटं थांबा म्हणाले. घरी पिठलं-भात करायला तेवढाही वेळ लागला नाही. म्हणजे खाण्यापिण्याच्या बाबतीत स्वतःची सोय स्वतः करा. बाकी सगळ्याला मी पाचपैकी पाच देईन.

एक अडचण खरी आहे. अशी मिरवणूक तारीख धरून ठरवता येत नाही. विजेतेपद मिळालं तर चार-पाच दिवसांत ती निघते. पण त्या काळात तुमची मुलं अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या गावात असतील आणि त्यांचा संघ जिंकला, तर आईबाबांना घरात बसवून टीव्हीवर दाखवू नका. कोट चढवा आणि बाहेर घेऊन या. अ‍ॅन आर्बरची वस्ती साधारण सव्वा लाख. गावाचं मैदान आणि गाव जवळजवळ एकाच मापाचं. अशा गावात संघ हा घरातल्या माणसासारखा असतो आणि ते रस्त्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मिरवणुकीनंतर अकराव्या दिवशी, २४ जानेवारीला, हार्बो लॉस एंजेलिसच्या चार्जर्स संघाकडे जात असल्याची बातमी आली. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी मिशिगनचे तेरा खेळाडू निवडले. मॅककार्थी दहाव्या क्रमांकावर मिनेसोटाला, कोरम लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडे, सेनरिस्टिल राजधानी वॉशिंग्टनला, झिंटर क्लीव्हलंडला. लेकीनं एकेक नाव वाचून दाखवलं आणि मी जुन्या सवयीनं नकाशावर एकेक शहर शोधत गेले.

कोल्हापूरला आल्यावर भावाला व्हिडिओ दाखवला. आता त्याला कमी दिसतं, त्यानं मोबाईल अगदी डोळ्यांजवळ धरला. बर्फ, बँड, गाड्या, सगळं पाहून झाल्यावर त्यानं विचारलं, “पोरं कुठली गं?” मी सांगितलं, एक व्हर्जिनियाचा, एक इलिनॉयचा, एकाचा जन्म हैतीचा. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे परक्या गावानं मिरवलं की त्यांना.” आणि त्यानं व्हिडिओ पुन्हा सुरवातीपासून लावला.